इतर हक्कांचा रकाना

“त्यांना चार महिने, आम्हाला नऊ दिवस. हा कुठला न्याय?”

पहाटेचे पाच. बाहेर उणे नऊ. लाकडी खोपटात शेगडी पेटलेली, तव्यावर अंडी, आणि बुटांच्या नाड्या आवळत माझ्या भावाचे शेजारी हे विचारत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. भाऊ वीस वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनातल्या ओ क्लेअरला राहतो. त्याच्या दारात गुडघाभर बर्फ पडलं की फावडं घेऊन सगळ्यांत आधी येतात ते हेच. माणूस सोन्यासारखा आहे. म्हणून तर त्यांचा प्रश्न मला झटकता येईना.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीचा हंगाम उघडतो आणि पुढच्या रविवारी संपतो. साडेपाच लाखांच्या आसपास लोक परवाना काढतात. २०२३ साली या नऊ दिवसांत पावणेदोन लाखांच्या जवळपास हरणं पडली. गणपतीला मुंबईचा चाकरमानी जसा रजा मिळो न मिळो कोकणात पोचतोच, तशी इथली माणसं या शनिवारी आपल्या बापजाद्यांच्या खोपटात पोचतात. भडक नारिंगी जाकिटं, थर्मासमधली कॉफी, आजोबांची बंदूक नातवाच्या हातात. शेजाऱ्यांच्या खोपटाच्या दारामागे पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. कुणी कोणत्या साली पहिलं हरीण मारलं, त्याच्या. सगळ्यांत जुनी खूण त्यांच्या वडिलांची.

भाऊ म्हणाला, “ताई, तू नुसती बघायला चल.” मी गेले.

मचाणावर दोन तास बसलो. बोलायचं नाही, खोकायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. साडेसातच्या सुमाराला पाइनच्या झाडांतून एक नर बाहेर आला. इतका अलगद, की तो आला कधी ते मला कळलंच नाही, तिथे उभा आहे एवढंच कळलं. एक बार. जनावर चाळीस पावलं पळालं आणि बसल्यासारखं खाली गेलं. शेजारी खाली उतरले, जवळ गेले, टोपी काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच थांबले. मग बाह्या सरसावून सुरी काढली. पोट फाडल्यावर त्या थंडीत वाफेचा एवढा लोट उठला की त्यांचा चेहरा दिसेना. काळीज वेगळं काढून पिशवीत ठेवलं. संध्याकाळी ते कांद्यावर परतलं आणि पहिला तुकडा पाहुणी म्हणून मला दिला.

आयुष्यभर मटण खाल्लं, पण ते कुठून येतं हे उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. शिकारी म्हणजे निर्दय, असं मी पूर्वी सहज बोलून जायची. आता बोलणार नाही.

पण त्यांचा प्रश्न चुकीचा आहे.

‘ते’ म्हणजे ओजिब्वे. सुपीरियर सरोवराच्या काठचे मूळ रहिवासी. उत्तर विस्कॉन्सिनात त्यांच्या सहा वस्त्या आहेत, आणि वस्तीबाहेरच्या सरकारी जंगलातही त्यांना शिकारीचा हक्क आहे. त्यांचा हरणांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि जानेवारीच्या तोंडाशी संपतो. परवाना त्यांचा, नियम त्यांचे, नियम मोडणाऱ्याला पकडणारे वनरक्षकही त्यांचे. याचाच राग आहे. रात्री जेवताना शेजाऱ्यांचे दोन मेहुणेही आले, आणि राग त्यांच्या प्रत्येक वाक्यातून बाहेर पडत होता. एकाच जंगलात दोन कायदे का? आम्ही काय कमी नागरिक? दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कागदाचं ओझं आम्ही किती दिवस वाहायचं?

तो कागद बघू या.

२९ जुलै १८३७. मिसिसिपी नदीकाठचा किल्ला, आज मिनेसोटात असलेला फोर्ट स्नेलिंग. विस्कॉन्सिन प्रदेशाचा गव्हर्नर हेन्री डॉज याला ओजिब्वेंचा पाइन हवा होता. इमारतीचं लाकूड. सौदा झाला एक कोटीहून जास्त एकरांचा. मोबदला वर्षाला ३५ हजार डॉलर, तोही वीसच वर्षं. त्यात रोकड साडेनऊ हजारांची, बाकी माल, लोहारांची दुकानं, शिधा, आणि पाचशे डॉलरची तंबाखू. बोलणी चालू असताना माजीगाबो नावाचा त्यांचा पुढारी उठला आणि नकाशाजवळ ओकची एक डहाळी ठेवून म्हणाला की आम्ही सगळा मुलूख देतो, पण ज्यावर आमचं पोट चालतं ते झाड राखून ठेवतो, आणि तुम्हाला हवं असलेलं झाड हे नव्हेच. हे भाषण सरकारी कारकुनानेच लिहून ठेवलं आहे. करारात पाचवं कलम आलं. विकलेल्या मुलुखात शिकार, मासेमारी आणि पाणथळातला रानतांदूळ गोळा करण्याची मुभा ओजिब्वेंकडे राहील. १८४२ साली तांब्याच्या खाणींसाठी पुढचा मुलूख गेला, तेव्हाही शिकारीची बोली तीच.

हे वाचलं आणि मला आमच्या आजोबांचं खरेदीखत आठवलं.

आजोबांनी राजापूरकडची वरकस जमीन विकली, बहिणीच्या लग्नासाठी. जमीन दिली, पण बांधावरची तीन आंब्याची झाडं दिली नाहीत. खतात स्पष्ट लिहून घेतलं की झाडांचं उत्पन्न आणि तिथवर जाण्यायेण्याची वाट आमच्याकडे राखून. कोकणात यात नवल काहीच नाही. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, विहिरीचं पाणी तिसऱ्याचं. सातबाऱ्यावर त्यासाठी वेगळा रकानाच आहे, ‘इतर हक्क’. घेणाऱ्याने तो वाचून पैसे मोजायचे असतात, कारण तेवढ्यापुरती जमीन त्याला स्वस्त पडलेली असते. त्याच्या नातवाने पुढे कुंपण घातलं आणि आमचा काका आंबे उतरवायला गेला तर त्याला चोर म्हणाला. काकाने वाद घातला नाही. खत काढून दाखवलं.

१८३७ चं पाचवं कलम हा विस्कॉन्सिनच्या सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’चा रकाना आहे. ओजिब्वेंना हा हक्क कुणी दिलेला नाही. त्यांचा होताच, विकताना त्यांनी तो मागे ठेवला. अमेरिकेने तेवढा सोडून बाकीचा मुलूख विकत घेतला. शेजाऱ्यांचं खोपटं त्याच मुलुखात उभं आहे. दारामागच्या पेन्सिलीच्या खुणा त्या खरेदीखताच्या आधाराने आहेत. खत खरं मानायचं तर सगळं मानायला हवं.

ते मानलं गेलं नाही. १८५० साली राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलरने हुकूम काढून ओजिब्वेंची मुभा रद्द केली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे हटवायला घेतलं. वार्षिक मोबदला नेहमी ला पॉइंटला मिळायचा, तो त्या वर्षी दूर मिनेसोटात सँडी लेकला मिळेल असं सांगितलं. बायकापोरांसह हजारो लोक हिवाळ्याच्या तोंडावर तिथे जाऊन बसले. पैसे आले नाहीत. शिधा आला तो उशिरा आणि कुजका. उपासमार, रोग आणि परतीच्या वाटेवरची थंडी यांत सुमारे चारशे माणसं मेली. स्वतःच्याच जमिनीचे पैसे घ्यायला गेलेली माणसं.

दोन वर्षांनी त्यांचा वयोवृद्ध प्रमुख केचेवाइश्के, ज्याला गोरे चीफ बफेलो म्हणत, नव्वदी ओलांडलेली असताना बर्चच्या सालीच्या होडीतून निघाला. वाटेत सरोवराकाठच्या गोऱ्या वस्त्यांमध्ये थांबून अर्जावर सह्या गोळा केल्या. गोऱ्यांनीही दिल्या. होडी, आगबोट, रेल्वे असं करत वॉशिंग्टनला पोचला आणि राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोरला भेटला. हटवण्याचा हुकूम मागे घेतला गेला. १८५४ च्या करारात सहांतल्या चार वस्त्यांच्या हद्दी आखून मिळाल्या.

इथे एक शब्द सांगायलाच हवा. या वस्त्यांना ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. भावाच्या ओळखीतल्या एका मराठी घरी जेवायला गेले होते, तिथे एकाने सहज म्हटलं, “इथेही आहेच रिझर्व्हेशन, फुकटचं सगळं.” ताटावर बसून हे ऐकताना मला घास गिळवेना. ज्याला आपण फुकटचं म्हणतो ती त्यांच्याच मुलुखातली उरलेली चतकोर आहे, बाकीच्या भाकरीवर आपण बसलेलो. त्या गृहस्थांचं चार शयनगृहांचं घरही त्याच भाकरीवर आहे. मी तिथेच बोलले. जेवण पुढे थोडं शांततेत झालं.

१९०८ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की राज्य स्थापन झालं तेव्हाच हे हक्क बुडाले. झालं. ओजिब्वे बाप मुलाला हरीण मारायला शिकवायचा तो अंधारात, कान रस्त्याकडे लावून. सापडला तर दंड, तुरुंग, बंदूक जप्त. आपल्याच रानात चोर व्हायची पाळी दोन-तीन पिढ्यांवर आली.

मार्च १९७४ मध्ये लाकूदरे वस्तीतल्या फ्रेड आणि माइक ट्रिबल या भावांनी करार वाचला आणि चीफ लेक नावाच्या तळ्यावर गेले. वस्तीची हद्द तळ्यातून जाते. ती ओलांडून त्यांनी बर्फाला भोक पाडलं आणि भाल्याने मासे मारायला बसले, पकडले जाण्यासाठीच. पकडले गेले. खटला नऊ वर्षं चालला. २५ जानेवारी १९८३ रोजी केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की हक्क बुडालेला नाही, टेलरचा हुकूमच बेकायदा होता. त्याच वर्षीच्या पानगळीत वस्तीबाहेरचा त्यांचा पहिला उघड हरणांचा हंगाम झाला. दिवसाउजेडी.

पुढे जे झालं ते शेजाऱ्यांच्या मेहुण्यांना आठवतं. त्यांतला एक स्वतः तिथे होता. वसंतात ओजिब्वे रात्री होड्या घेऊन वॉलाय मासे मारायला निघायचे तेव्हा धक्क्यावर शेकड्यांनी गोरे जमायचे. दगड, शिव्या, गोफणीतून छर्रे. मासा वाचवा, इंडियन भोसका, अशा अर्थाचे फलक. गरोदर बाईला भोसकायची भाषा त्यांवर होती. १९८७ ते १९९१, दर वसंतात हेच. मेहुणा ताटाकडे बघत म्हणाला, “मी दगड मारला नाही. पण घरीही गेलो नाही.” त्याचं हे वाक्य मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी एवढं कबूल करायलाही छाती लागते.

सरकारने पैसेही देऊन पाहिले. हक्क काही वर्षं वापरू नका, चार कोटींहून जास्त डॉलर घ्या, असा देकार १९८९ साली लॅक द्यु फ्लाँबो वस्तीपुढे ठेवला. गरीब वस्ती. बाहेर दगड पडत होते. लोकांनी मतदान केलं आणि नको म्हणाले.

आता तक्रारी.

नऊ दिवसांची. नऊ दिवस बंदुकीचे आहेत. तिरकमठ्याचा राज्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून चालतो, तोही जवळपास चार महिने. शेजारी स्वतः ऑक्टोबरात तिरकमठा घेऊन बसतात.

हरणं संपतील याची. वस्तीबाहेर ओजिब्वे मारतात ती हरणं राज्यातल्या एकूण शिकारीच्या शंभरात दोनही भरत नाहीत. मोटारींना धडकून याहून कितीतरी जास्त हरणं मरतात, वर्षाला पंधरा हजारांवर नुसत्या पोलिसांत नोंदलेल्या धडका आहेत. हरणांची काळजी खरीच असेल तर गाडी हळू चालवा.

जुनी हत्यारं वापरा, ही आणखी एक. १८३७ चा हक्क हवा तर १८३७ ची बंदूक घ्या. मग गिऱ्हाइकानेही पाइन कुऱ्हाडीनेच तोडायला हवा होता आणि बैलांनी ओढायला. न्यायमूर्ती जेम्स डॉयल यांनी १९८७ सालीच हा मुद्दा निकालात काढला.

आणि रात्रीची शिकार. न्यायमूर्ती बार्बरा क्रॅब यांनी १९९१ साली ती धोक्याची म्हणून बंद ठेवली होती. मग काय झालं? हरणांच्या मेंदूचा रोग २००२ साली विस्कॉन्सिनात सापडला, तेव्हा कळप कमी करायला राज्याने स्वतःच्या माणसांना रात्री बार काढायची परवानगी दिली. २०१२ साली लांडग्यांची रात्रीची शिकारही खुली केली. आपल्या माणसांना अंधारात दिसतं आणि ओजिब्वेंना दिसत नाही, असं कसं? अपील न्यायालयाने हेच विचारलं, आणि २०१५ साली क्रॅब यांनीच ती बंदी उठवली, प्रशिक्षण आणि नेमबाजीची परीक्षा या अटी घालून.

यात एक गोष्ट लांडग्यांची आहे आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. फेब्रुवारी २०२१. राज्याने दोनशे लांडगे मारायचा आकडा ठरवला. करारानुसार त्यातला ८१ चा वाटा ओजिब्वेंचा, ११९ बाकीच्या शिकाऱ्यांचा. ओजिब्वेंच्या उत्पत्तिकथेत लांडगा हा पहिल्या माणसाचा भाऊ आहे. भावाला मारायचं नाही म्हणून त्यांनी आपला वाटा रानातच ठेवला. बाकीच्यांनी तीन दिवसही लागू न देता दोनशेच्या वर लांडगे मारले. म्हणजे ओजिब्वेंनी जिवंत ठेवलेलेही. कोण जंगल ओरबाडतं, याचा इतका स्वच्छ हिशेब क्वचित मिळतो.

मी मेहुण्यांना हे सगळं भावाच्या मदतीने सांगितलं. कुणी टेबल सोडून गेलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मग धाकट्या मेहुण्याने मला विचारलं, “तुमच्या देशात आदिवासींना शिकारीचा हक्क आहे?”

नाही. आणि उत्तर देताना मला मान वर करता आली नाही.

आमच्याकडे खरेदीखतच झालं नाही. कुणी किल्ल्यावर बोलावलं नाही, नकाशा पसरला नाही, डहाळी ठेवायला टेबलच नव्हतं. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका रात्रीत ‘सवलत’ झाली. राजे-महाराजांनी आणि साहेबांनी वाघ-चितळांचे ढीग लावून फोटो काढले. १९७२ साली शिकारबंदीचा कायदा आला. तो हवाच होता, नाहीतर आज काळवीट पुस्तकातच दिसलं असतं. मी तो कायदा मोडा म्हणत नाही. पण त्याचा फास कुणाच्या गळ्यात बसला ते बघा. शिकवलेल्या गाईच्या आडून काळविटापर्यंत जाणारा गायपारधी, तितरासाठी फासे लावणारा फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातींची वर्गवारी सुरू केली आणि पारधी तीत टाकले गेले. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, पण अजून गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली पारध्यांच्या पालावर जाते. विद्या गेली, धंदा गेला, बदल्यात काय दिलं? २००६ चा वनहक्क कायदा मोह, तेंदू, बांबू, चराई, मासे सगळं मोजतो, आणि शिकारीपाशी येऊन ती वगळली असं लिहितो. फक्त निकोबारच्या आदिवासींचे शिकारीचे हक्क १९७२ च्या कायद्याने शाबूत ठेवले. म्हणजे राखता येतात. राखायचं मनात असावं लागतं. आणि काढूनच घ्यायचे असतील तर त्याची किंमत तरी कुणी मोजावी, एकदा तरी त्या माणसांसमोर बसून विचारावं.

विस्कॉन्सिनने दगडफेकीच्या काळातच एक चांगलं काम केलं. करारांचा आणि या जमातींच्या सार्वभौमत्वाचा इतिहास शाळांत शिकवणं बंधनकारक केलं. माझी भाची तो शिकली आहे. १८३७ आणि १८४२ च्या हद्दी तिने मला नकाशावर बोटाने काढून दाखवल्या. आपल्या चौथीच्या पुस्तकात पारध्याचं एक पान मला कधी भेटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. शेजाऱ्यांनी हरणाचं डोकं तपासणीसाठी पिशवीत बांधलं, मांसाचे पुडे केले, कागदावर तारखा घातल्या. चार पुडे भावासाठी बाजूला काढले. मग हात पुसत त्यांनी विचारलं, “ती तीन झाडं अजून आहेत?”

“दोन आहेत. एक वादळात पडलं.”

“आणि फळं तुम्हीच उतरवता?”

“हो. दर मे महिन्यात.”

“तो माणूस?”

“फाटकाला कुलूप लावतो,” मी म्हणाले. “आम्ही खताची झेरॉक्स बरोबर नेतो.”

त्यांनी काही वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि पाचवा पुडा उचलून चारांवर ठेवला.